दातांनी ऐकणारा

रात्री दोन चाळीसला
घरात कुणी नळ सोडलेला नसतो.
तरी गच्चीवरचा पंप उठतो,
सहा सेकंद घुरघुरतो,
टक् करून पाइपला लाथ मारतो
आणि निजतो.
अकरा मिनिटांनी परत.

मी किराण्याच्या यादीखाली लिहून ठेवलं:
२.४०, २.५१, ३.०२.
विरूपाक्ष म्हणाले, झोप की आता,
पंपाला काय घड्याळ कळतंय?

पहाटे हीटरची वेगळीच तऱ्हा.
डिसेंबरात सोलरला ऊन पुरत नाही,
कॉइल लावली की टाकीत फुटाणे भाजायला घेतल्यागत तडतड,
आणि खाली शॉवरमधून नुसती लाळ.

कॉर्पोरेशनचं पाणी पाचव्या दिवशी.
अशा गावात पाणी कुठंतरी जातंय
हे कळणं म्हणजे घरात चोर आहे हे कळणं.
मी भिंतींवरून हात फिरवला, ओल शोधत.
फरशीला गाल लावला.
ओल सापडली नाही, म्हणून रेणुकाला बोलले.
भांडी घासून जाताना नळ नीट बंद करत नाहीस तू.
ती काही म्हणाली नाही.
तीन आठवडे रोज बोलले.

दुकानदार म्हणाला, पंप बदला. अठरा हजार.

मग दाजी पेठेतून येमूल आले,
सायकलच्या हँडलला पान्यांची पिशवी.
एकोणतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात.
"कान तिथंच राहिलं बगा माजं!"
हे अख्ख्या जुळे सोलापूरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
गच्चीवर त्यांनी मला खांद्याला धरून
उन्हाकडं वळवलं.
ओठ दिसायला पाहिजेत.
मागांच्या खडखडाटात सगळे असंच बोलायचे म्हणे,
नवराबायकोची भांडणंसुद्धा.

त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला,
टोक पाइपवर टेकवलं, मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.

मी श्वास रोखला. कशासाठी, कोण जाणे,
त्यांना तो ऐकू येणार नव्हताच.

"आवाज दोन हाईत," ते म्हणाले,
"तुमी एकच धरून बसलाव."

पहिला कॉइलचा. बाहेर काढली तर
बोअरच्या पाण्याचा क्षार चढून
मनगटाएवढी झालेली, पांढरी.
थराखाली अडकलेलं पाणी जागच्या जागी उकळून फुटत होतं.
हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोकलं,
भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटला.
त्यातलाच चुरा शॉवरच्या जाळीत.

दुसऱ्याला वेळ लागला.
गेजची सुई अडीच किलोवर आणली
आणि घराकडं जाणारा कॉक बंद केला.
"आता घर न्हाई. हाय ती एवढी वीतभर लाइन."
आम्ही उकिडवे बसून सुईकडं बघत राहिलो.
सव्वादोन.
दोन.
पावणेदोन, आणि पंप उठला.

"घरात काय गळत न्हाई.
पाणी आल्या वाटंनं माघारी जातंय."

वाल्व्ह खोलला. झडपेच्या ओठात
ज्वारीच्या दाण्याएवढा क्षाराचा खडा.
एवढ्यानं दार पूर्ण लागत नव्हतं.
तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला,
चारशे रुपये घेतले, चहा नको म्हणाले.

त्या रात्री २.४० ला मी गच्चीवर गेले.
सुई अडीचवर.
बोटानं काच वाजवून पाहिली.
अडीच.

सकाळी रेणुका भांडी घासत होती,
नळ धो धो चालू.
मी दारात उभी राहून म्हणाले,
तुझी चूक नव्हती गं.
पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही.
तिनं आधी नळ बंद केला,
बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत पिळून,
आणखी एकदा पिळून,
मग माझ्याकडं वळली.

"काय म्हनलाव?"