दुरुस्तीचा अर्ज

शहापूरच्या दवाखान्यात, तपासणी खोलीबाहेरच्या बाकावर
चांगुणा आगिवले. मांडीवर नऊ वर्षांची मनीषा,
गुडघे पोटाशी धरून.
रिपोर्ट माझ्या हातात.

मी म्हणते, मावशी, पेशीत एक दप्तरखाना असतो.
मूळ दप्तर तिथून हलवायचं नाही.
त्या मान डोलावतात. कचेरी त्यांना ठाऊक आहे.

लागेल तेवढ्याच पानाची नक्कल निघते,
एकपदरी, चार दिवसांत विरून जाणारी.
ती दाराबाहेर येते, तिथे कारागीर बसलेले.
तीन अक्षरं वाचायची, एक मणी ओवायचा.
मणी आणून देणारी पोरं वेगळी,
प्रत्येकाच्या मुठीत एकाच जातीचा मणी,
आपली तीन अक्षरं आली तरच पुढे होणारी.
एकशे सेहेचाळीस मणी झाले
की ज्याला मणीच नाही असा शब्द येतो.
सर सुटते, आपणहून वळते, दुमडते,
आणखी तिघींच्या गळ्यात पडते
आणि श्वास वाहायला निघते.

"मंग हिचं काय?"

हिचा सहावा मणी.
एक अक्षर बदललंय. कारागिराचा दोष नाही,
त्याने लिहिलेलं तेच वाचलं.
पाण्याशी जमणारा मणी हवा होता,
आला पाण्याला बुजणारा. मग सरी एकमेकींना चिकटतात,
पेशी वाकते...
"इळ्यावानी," मनीषाच म्हणते. तिला आधी कुणीतरी सांगितलंय.
बारीक गल्लीत तो इळा अडकतो. तेच गुडघ्यात दुखतं.

चूक कुणाची, हे त्या विचारतात, खाली बघत.
एक नक्कल तुमच्याकडची, एक तिच्या बापाकडची.
फार जुनी चूक आहे, मावशी.
एकेरी असली तर हिवतापातून तारते.
तुमची पणजी कदाचित तिच्यामुळेच जगली.

बराच वेळ काही नाही.
मग पिशवीतून त्या वनपट्टा काढतात,
प्लास्टिकमध्ये जपलेला. बोट ठेवतात:
आगवले.
"एका वेलांटीपायी सात वरसं.
तहसिलीत, प्रांताकडं, ठान्याला दोनदा.
जमीन तुमची न्हाई, म्हनतात."

कागदाची घडी घालतात. मग:
"हिच्या दुरुस्तीचा अर्ज कुठं द्यायचा?"

मी गोळ्यांची पुडी देते. रोज एक.
पाणी भरपूर. थंडीत पायात मोजे.
पुढची तारीख लिहिते, नाव लिहिते,
वेलांटी दोनदा तपासते.

मनीषाच्या हाडांच्या आत
कुणीही हात थांबवलेला नाही.
पाचवा मणी. सहावा.