वर्तुळं विरेपर्यंत

पहाटे पाचला, केंटकीतल्या एका धरणाच्या कडेला,
वर्लीन टॅकेट पत्र्याची नाव पाण्यात लोटते.
मोटर आहे, पण लावायची नाही:
"झोपलेल्या घरात कुणी बूट आपटत शिरतं का?"

पुढच्या फळीवर एल्डन, शेजारणीचा नातू.
तेरा वर्षांचा. शब्द त्याच्या ओठाशी येऊन अडतो
आणि आसपासचे सगळे घाईघाईने
त्याचं वाक्य पुरं करून मोकळे होतात.
वर्लीन करत नाही.
तेवढ्यात तिची एक गाठ मारून होते.

"गाठ बघ. आमिषाच्या नाकाशी आवळायची नाही,
फासा सैल ठेवायचा, पॉपरला मान हलवता यायला हवी.
आणि बुडणारा दोरा नको. नाक खाली ओढतो,
मग हा बोलतच नाही."

पॉपर देवदाराचा, करंगळीपेक्षा थोडा मोठा,
तोंडाला वाटीसारखी खोबण, शेपटीला कोंबडीची पिसं,
एका डोळ्याचा रंग उडालेला.
होबार्टने कोरला होता, तिच्या नवऱ्याने,
तिच्या बापाच्या कुंपणाच्या खांबातून.
बाकीचे खांब इथेच आहेत, नावेखाली.
ती आठ वर्षांची असताना पाणी चढलं
आणि मक्याचं शेत माशांकडे गेलं.

कुठे टाकायचं ते ती यंत्रात बघत नाही.
"तो सुकलेला ओक आणि चर्चचा कळस एका रेषेत आण.
तिथून कुंपण डावीकडे वळतं.
कोपऱ्याच्या खांबाशी आमची गाय पाठ घासायची.
आता तिथे बास उभा असतो, सावलीत, तोंड वर करून.
त्याच्या डोक्यावर नको टाकू. दोन हात पलीकडे."

टप्प.
पाण्यावर एक वर्तुळ, त्याबाहेर दुसरं.
एल्डनचे हात शिवशिवतात.
"थांब. शेवटचं वर्तुळ विरू दे.
आता टोक खाली, मनगटाने एक झटका,
आणि लगेच दोरा सैल सोड."
डुबुक्.
"पुन्हा थांब. वारा असता तर जोरात बोलायला लावलं असतं.
आज पाणी आरशासारखं आहे. कुजबुज पुरे."
डुबुक्.

मग पाणीच फुटतं, बादली उपडी केल्यासारखं,
एल्डन दचकून काठी मागे खेचतो
आणि पॉपर हवेतून सणसणत येतो,
वर्लीनच्या टोपीत रुततो.

ती टोपी काढते. गळ सोडवते. टोपीला आता सहा भोकं,
त्यातली चार होबार्टची.
"डोळ्यांनी ओढलंस. आवाज ऐकून सगळेच ओढतात.
हाताला वजन लागलं की मग ओढायचं,
त्याच्या आधी तो मासा आपला नसतो."

दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदाही.
चौथ्यांदा एक कासव वर येऊन बघून जातं.
ऊन ओकच्या अर्ध्यावर उतरलं,
थोड्या वेळाने बास खोल जाईल, मग घरी, न्याहारी.

डुबुक्. थांब. डुबुक्.
पाणी फुटतं. एल्डन गप्प.
एक श्वास. दोरा सरकतो, ताणतो,
काठी वाकते,
आणि हिरवट काळा एक देह हवेत उसळून
डोकं झाडतो, पाण्याची चूळ भरून टाकल्यासारखा.

नावेत येतो तेव्हा जबड्यात मूठ मावेल एवढा.
वर्लीन खालचा ओठ अंगठ्यात धरते, गळ काढते,
आणि कोपऱ्याच्या खांबाकडे सोडून देते.

एल्डन तिच्याकडे बघतो.
"ब..." म्हणतो. "ब... ब..."
काठावर कुणी असतं तर म्हणालं असतं: हो रे, बास! केवढा मोठा!
वर्लीन दोरा गुंडाळत राहते.
ओकवरून एक खंड्या उडतो, दुसऱ्या फांदीवर बसतो.
"ब... बूट," एल्डन म्हणतो. "माझा बूट भिजलाय."

ती खाली बघते. नावेत घोटाभर पाणी.
"अगं बाई," म्हणते,
आणि त्याच्या हातात कॉफीचा रिकामा डबा देते.