सांधा

डॉक्टर हत्तुरेंनी तळहातावर नमुना दाखवला.
टायटॅनियमचा, तांदळाच्या कणीएवढा,
टाचणीला टोपी घातल्यासारखा.
"कानात तीन हाडं असतात, बालामणी.
हातोडी, ऐरण, रिकीब.
तुमची ऐरण पुवानं खाल्ली."

लहानपणापासून वाहायचे दोन्ही कान.
लसणाचं तेल, कापसाचा बोळा,
आणि "पोरगी हाक मारली तर बघत नाही," ही तक्रार.

मी म्हटलं, म्हणजे मधला धागा तुटलाय,
सांधा घालायचा.
डॉक्टर हसले. म्हणाले, जास्त बिघडलाय तो डावा आधी.

महिनाभर शिंकायचं ते तोंड उघडून,
डोक्यावरून पाणी नाही,
आणि शेंगाचटणी जिभेवर
खिळा चघळल्यासारखी.

मग आतली पट्टी निघाली.
विडी घरकुलात घरी येऊन सूप मांडीवर घेतलं
तर कात्री बोलायला लागली.
भिजलेलं पान वेगळं कापलं जातं, सुकं वेगळं.
तेहतीस वर्षं मी हे बोटांनी ओळखत होते.
त्या दिवशी हजार भरल्या नाहीत.
सातशेवरच थांबले, ऐकत.

संध्याकाळी हे मागावरून आले.
दारातूनच ओरडले, "पाणी!"
माझी पाठ होती. हंडा उचलता उचलता म्हटलं,
हळू बोला की ओ, ऐकू येतंय मला.
उत्तर नाही.
पुन्हा म्हटलं.
वळून बघते तर
हे माझं तोंड शोधत होते.

गल्ली म्हणायची,
बायको बहिरी म्हणून बिचारा घसा फोडतो.
मीही तेच धरून चालले.
चोवीस मागांच्या शेडमध्ये
सगळेच ओठ वाचून बोलतात,
हे माहीत होतं. घरी आणलं असेल
असं वाटलं नव्हतं.
समोरासमोर बसूनच बोलणारं जोडपं,
म्हणून शमीमभाभी आम्हाला चिडवायची.

पुढच्या सोमवारी ह्यांना नेलं.
काचेच्या खोलीत बसवलं, कागदावर रेघ उतरत गेली.
डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले, हळू आवाजात:
"तिन्ही हाडं जागेवर आहेत.
आतली नस झिजलीय.
तिथं माझा सांधा बसत नाही."

काय म्हणतात, ह्यांनी विचारलं,
अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं.

मी समोर गेले.
आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सांगितलं,
हाडं चांगली आहेत म्हणे.

रिक्षात हे खूश होते.
अख्खा अशोक चौक
माझ्या एका कानात शिरत होता.