अर्थहीन ध्वनी

उंबरजे मॅडमनी वहीचं पान मधोमध दुमडून दिलं.
डावीकडे दिसलं ते, उजवीकडे तुला वाटलं ते.
दोघांची सोयरीक जुळवायची घाई करू नकोस.

पहिल्याच दिवशी मी डावीकडे लिहिलं:
मुलगी रुसली आहे.
'रुसली'खाली लाल रेघ आली.
रुसवा दिसतो का गं? ओठ दिसतात. मान दिसते.
मग मी ओठ लिहिले, मान लिहिली,
फ्रॉकची उसवलेली बाही,
चाळीस अंशांत, पत्र्याखाली,
मांडीला वही चिकटेपर्यंत.

भद्रावती पेठेतली अंगणवाडी.
भिंतीवर अ अननसाचा,
जो इथं कुणी खाल्लेला नाही.
सव्वीस मुलं, दीड सतरंजी,
आणि भिंतीपलीकडे माग,
दुपारी लाईट जाईपर्यंत न दमणारा.

सहस्रा बोगम, चार वर्षं दोन महिने.
माझ्या कागदांवर नमुना क्रमांक सात.
जवळ सरकले की म्हणायची, 'वद्दु.'
मी घड्याळ बघून टिपायची:
दहा वाजून चार मिनिटं, अर्थहीन ध्वनी.
दहा अकरा, तोच ध्वनी, आवाज चढा.
चार दिवसांत एकोणीस वेळा.
उजवीकडे, जराशी खुशीत:
लय आवडत असावी. मागाचा परिणाम?

पाचव्या दिवशी चिप्पाताई
खिचडीचं पातेलं खरवडता खरवडता थांबल्या.
'तुमी बार्शीच्या, तुमाला कसं कळंल.
वद्दु म्हंजे नको की ओ.'

परवानगी होती माझ्याकडे.
प्रकल्प कार्यालयाची, शिक्क्यासकट.
पर्यवेक्षिकेची.
आईची सही होती, शेजारी
तंबाखूचं पिवळं बोट उठलेलं,
हजार विड्या पुऱ्या व्हायच्या होत्या तिच्या,
कुठं करू, एवढंच विचारलं होतं तिनं.

त्या रात्री खोलीवर
एकोणीस जागी खाडाखोड केली.
मग खाडाखोडच खोडली.
चुकलेलंसुद्धा दिसलेलंच असतं,
ते राहू दे म्हटलं.

सकाळी चिप्पाताईंकडून एक शब्द पाठ करून गेले.
दारातच बसले, चपलांजवळ.
'रावच्चा?' येऊ का?
सहस्रानं माझ्या उच्चाराकडे नीट बघितलं.
हातातलं बाटलीचं झाकण जमिनीवर घासलं, दोनदा.
'वद्दु.'

मग मी डाळ निवडली. खडे बरेच होते.

महिनाअखेर मॅडमनी पानं मोजली.
'सात कुठे गेली?'
'नको म्हणाली.'
मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं,
बराच वेळ पेन तसंच धरलं,
आणि टोपण परत लावलं.