टिचकी

माझं आडनाव काळोखे, आणि ड्युटी कायम रात्रीची.
यावर सगळ्यांचे विनोद करून झालेत,
वॉर्डबॉयपासून मोठ्या सरांपर्यंत.

रास्ता पेठ झोपते तेव्हा
आमच्या दुसऱ्या मजल्यावर नऊ काचपेट्या जाग्या असतात.
इथे कुणालाच अजून नाव नसतं.
पायाला बांधलेल्या पट्टीवर आईचं असतं:
बेबी ऑफ मंदोदरी, बेबी ऑफ शाहीन,
बेबी ऑफ कांताबाई, एक आणि दोन.

मंदोदरीची नऊशे ऐंशी ग्रॅमची.
मंडईत किलोभर वांगी घ्यावीत
आणि त्यातलं एक कोवळं परत ठेवावं, एवढी.
सातव्यातच निघून आली,
श्वास घ्यायचा असतो हे नीट शिकायच्या आत.
घेते, घेते, आणि विसरते.
मॉनिटर ओरडायच्या आधी तिचे ओठच सांगतात,
जांभळाच्या सालीची एक कड.
मग मी पेटीच्या झरोक्यातून हात घालते
आणि तळपायाला एक टिचकी.
कॅरमची नाही. पानावरचा थेंब उडवावा, तशी.
अगं, श्वास घे.
घेते. मीच मधे बोलले असा चेहरा करून.

रात्रीतून सहा वेळा, कधी अकरा.
वहीत मी एकेक उभी रेघ मारते,
गवळ्याच्या हिशोबासारखी.

मंदोदरी वाघोलीच्या साइटवर विटा वाहायची.
लिफ्टला घाबरते, ओल्या टाक्यांनिशी जिना चढते.
स्टीलच्या वाटीत झाकून आणलेलं दूध
मोजून सहा एमएल.
"एवढंच निघालं, सिस्टर,"
चोरी पकडल्यासारखी उभी.
मी म्हणते, अगं, हिचं पोट बोराएवढं,
हिला हे गंगाळभर आहे.
बोंडलं अजून लांब. आज नळीतून जाईल.
तूच धर नळी, थोडी उंच.
एका वेळी बारा विटा पेलणारे हात
सहा एमएलने थरथरतात.

चार नंबरच्या पेटीबद्दल मी घरी बोलत नाही.
डॉक्टरांनी तीन वाजून दहा मिनिटं ही वेळ लिहिली,
पेन खिशाला लावलं,
आणि मी तेलाची बाटली घेतली.
नवी आलेली प्रणिता म्हणाली,
"आता तेल कशाला? ओढून काढा ना पट्टी,
आता त्याला काय दुखणार आहे."
मी काहीच बोलले नाही.
कापसाचं टोक गालावर टेकवत राहिले,
कड सुटेपर्यंत,
मग थोडं पुढे, मग पुन्हा तेल.
चिकटपट्टीखाली नळीचा वळ,
वळाखाली अगदी नवी कातडी,
जिला वाऱ्याचीसुद्धा ओळख झालेली नव्हती.
पंधरा मिनिटं लागली असतील.
मधेच कधीतरी प्रणिताने
दुसरा गाल घेतला.

सकाळी सव्वाआठची धायरीची बस.
हातांना सात वेळा धुतलेल्या साबणाचा वास,
त्याखाली थोडं खोबरेल.
शेजारी एक म्हातारबुवा झोपलेले,
मांडीवरच्या पिशवीतून दुधी डोकावतोय,
एक चप्पल सुटून सीटखाली गेलेली.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला त्यांची छाती खाली गेली
आणि वर आलीच नाही.
मी मोजायला लागले.
सात. आठ. कंडक्टर सुट्ट्यांवरून कुणाशी भांडतोय. बारा.
माझं बोट अंगठ्याला टेकून ताणलं गेलं,
आणि नजर गेली त्या उघड्या पायाकडे,
भेगांच्या, मातीच्या, सत्तर वर्षं चाललेल्या.
सोळा. सतरा.
घर्रर्र करून त्यांनी श्वास ओढला,
दुधी सावरला.
पुढचाही मोजला. त्याच्या पुढचाही.
मग एक डोळा उघडून म्हणाले,
"ताई, कुठं उतरायचंय तुम्हाला?"

आनंदनगर केव्हाच मागे गेलं होतं.