कर्मणी प्रयोग

सारांश शेवटी लिहायचा,
जरी वाचणारा तिथूनच सुरू करतो
आणि बहुतेकदा तिथेच थांबतो.

रान्वा आधी आकृत्या मांडते. तीन पुरतात.
चौथी देखणी आहे, पण काही सांगत नाही.
काढली.

मग पद्धती :
'बिळे रात्री तपासण्यात आली.
पिल्ले वजन करून परत ठेवण्यात आली.'
कर्ता दिसू नये, असा नियतकालिकाचा दंडक.

कोपरापर्यंत हात घालणारा हानुस होता.
अकरा उन्हाळे, नोल्सोयच्या उतारावर
ओल्या गवतात पालथा.
वादळपाखरांच्या तेलकट ओकारीचा वास
त्याच्या स्वेटरमधून कधी गेलाच नाही.
बायको तो घरात घेत नसे,
खिळ्याला टांगायची, दाराबाहेर.

निष्पत्तीत फक्त आकडे. 'का' तिथे विचारायचं नाही.
'का' पुढे, चर्चेत,
तेही 'कदाचित'चा हात धरून.

तक्ता दोन. एक रकाना रिकामा :
सत्तावीस जुलै.
तळटीप हवी. 'प्रतिकूल हवामान', तिने टाइप केलं.
त्या रात्री समुद्रावर सुरकुती नव्हती.
होडी धक्क्याला बांधलेली,
आणि खिळ्यावर स्वेटर.

तिने शब्द खोडले. लिहिलं :
'त्या रात्री हानुस नव्हता.'

सहा आठवड्यांनी संपादकांचं पत्र.
लेख स्वीकारार्ह, किरकोळ दुरुस्त्या.
पाचवी दुरुस्ती : तळटीप कर्मणीत करावी.

रान्वा वाक्य उलटंपालटं करून बघते.
नसणं अकर्मक आहे.
त्याला कर्ता लागतोच.