सतरावी काठी

रोदिओन आला त्या वर्षी
हेलिकॉप्टर मला शाळेत न्यायला आलं होतं
आणि आईने मला कातड्यांच्या ढिगाखाली लपवलं होतं.
अकरा वर्षांची मी,
दोन भाषांच्या मधोमध बसवलेली.
तो विचारायचा, मी आईला सांगायचे.
आई बोलायची, मी त्याला सांगायचे.
वाटेत थोडं माझ्याच तोंडात राहायचं,
गोठलेल्या माशाच्या कापासारखं,
विरघळेपर्यंत.

"इथे किती दिवस आहात?"
आई दातांनी स्नायूचा दोरा सोलत होती.
"शेवाळ आहे तोवर."
त्याने वहीत लिहिलं: तात्पुरते.
मी वाचलं. आईला सांगितलं नाही.

दर शंभर पावलांवर तो काठी रोवायचा,
टोकाला लाल चिंधी, अंगावर आकडा.
कुत्र्यांनी आपापल्या वाटून घेतल्या.
रेनडिअर खांदे घासून गेले.
सतरावी आईने उपटली,
आमच्या चूमच्या दाराशी ठोकली
आणि तिच्यावर माझे ओले मोजे टाकले.
"इथे झाड उगवत नाही," ती म्हणाली,
"आणि हा बाबा लाकूड पेरत चाललाय."

आईचं नाव हादने.
हिमवादळात जन्मलेली, असा अर्थ.
म्हणून वादळ आलं की ती घाबरत नाही,
माहेरचं माणूस अवेळी आल्यासारखी
कुरकुरते फक्त.
त्या रात्री खांब करकरत होते,
चुलीतला धूर आत वळत होता,
आणि रोदिओन बाहेर कुठेतरी
आपल्याच काठ्या मोजत रांगत होता:
चौदा. पंधरा. सोळा.
सोळाच्या पुढे शंभर पावलं सरळ.
काठी नाही.
मग तो वळला की कोलमडला, त्याला सांगता आलं नाही.
हाताला लागली ती सतरावी,
आणि तिच्यावर दगड झालेला माझा मोजा.

आईने त्याचे बूट सुरीने फाडले.
पाय आपल्या पोटाशी घेतले,
गारठलेलं पाडस घेते तसे.
त्याचे दात थांबल्यावर मला म्हणाली,
"विचार याला, इथे किती दिवस आहेस?"
मी विचारलं.
तो हसला, मग हसू थांबेना,
मग ते हसू नव्हतं.

वारा पडला तेव्हा बर्फावर
ऊन इतकं होतं की डोळे उघडेनात.
आईने मोजे काढले, काठी उपटायला वाकली.
"याची याला दे. जिथली तिथे लाव म्हणावं."
त्याने माझ्याकडे पाहिलं.
आदल्या दिवशी त्याने मला पेन्सिल दिली होती,
एका टोकाला निळी, दुसऱ्या टोकाला लाल.
त्याने परत यावं असं मला वाटत होतं.
एवढंच.
"आई म्हणते, असू दे इथेच."

तो बराच वेळ गप्प राहिला.
टोपी काढली.
मग तिपाईवरच्या भिंगातून
आमच्या दाराकडे एकदा बघून
आकडे लिहून घेतले.

आता नळ आहे.
क्षितिजापासून क्षितिजापर्यंत सुतासारखा सरळ,
फक्त एका जागी वाकलेला.
कंपनीची पोरं सांगतात, खाली दलदल असणार,
जुन्या लोकांना माहीत असायचं.
रोदिओन परत आला नाही.
पेन्सिलीचा लाल भाग आधी संपला.

शरदात आमचे कळप इथवर येतात आणि थांबतात.
पुढचा नर नळाला नाक लावतो, मागे बघतो.
आई घसरगाडीवरून उतरते,
हल्ली उतरायला तिला माझा खांदा लागतो.
वाकणापाशी झडपेचं मोठं चाक आहे,
लाल रंगाचं.
ती त्यावर ओले मोजे टाकते
आणि मला म्हणते,
"मेल्याने काठी नेली नाही, तेच बघ."

मी किटलीत बर्फ भरते.
माझ्या तोंडात अजून तो काप आहे.